आरोग्यचर्चा : जन्मभराची गोळी

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. मजकूर घरगुती असल्यामुळें नांवगांव न देतां त्याचा सारांश तेवढा येथें सांगतों. या भगिनीच्या यजमानांचें वय ३६ वर्षांचें आहे. तीन वर्षांपूर्वीं कचेरींतील मंडळींबरोबर त्यांनीं रक्तदान केलें, आणि आठ-दहा दिवसांनीं रक्तपेढीकडून बोलावणें आलें: रक्तांत हिपॅटायटिस बी या रोगाच्या विषाणूची खूण सांपडली होती. पुढील तपासणींत विषाणूची संख्या पुष्कळ असल्याचें व यकृतास सूज येऊन तें किंचित् निबर होऊं लागल्याचें दिसलें. डॉक्टरांनीं रोज एक गोळी सुरू केली. तेव्हांपासून प्रकृति उत्तम आहे, आणि अडचण नेमकी तीच झाली आहे. "मला कांहींच होत नाहीं, मग ही गोळी किती दिवस घ्यावयाची?" असें यजमान विचारतात, आणि डॉक्टर सांगतात, "बहुधा जन्मभर." एका स्नेह्यानें त्यांस एक जाहिरात आणून दिली आहे. नव्वद दिवसांत विषाणूचें समूळ उच्चाटन करणारें चूर्ण मिळतें असें तींत म्हटलें आहे. येत्या पाडव्यापासून गोळी बंद करून चूर्ण चालू करावयाचें असा बेत ठरत आला आहे. इकडे सासूबाईंनीं मुलाचें ताट, वाटी व पेला निराळा केला असून चार वर्षांच्या नातीस त्याच्या मांडीवर बसूं देण्यास त्या कचरतात.

भगिनीनें प्रश्न तीन विचारले आहेत. गोळी खरोखरीच जन्मभर घ्यावी लागते काय? विज्ञान इतकें पुढें गेलें असतां हा रोग मुळासकट नाहींसा करणारें औषध अजून कां निघालें नाहीं, व तें निघण्याचा कांहीं संभव आहे काय? आणि ताट निराळें करावें काय?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत सोपें आहे, आणि त्याचा सल दोन्ही वेळच्या जेवणास घरांतील माणसांच्या मनांत उठत असणार. म्हणून तें प्रथम देतों. ताट निराळें करण्याचें कांहीं कारण नाहीं. हा विषाणु अन्नांतून, पाण्यांतून, एका पंक्तीस बसल्यानें, उष्ट्या भांड्यांतून किंवा मुलास कुशींत घेतल्यानें पसरत नाहीं. तो पसरतो रक्तावाटें, शरीरसंबंधावाटें, आणि प्रसूतीच्या वेळीं आईकडून बाळाकडे. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तांत तो निदान सात दिवस टिकूं शकतो. यास्तव निराळ्या ठेवावयाच्या वस्तु म्हणजे दाढीचें पातें, दांत घासण्याचा ब्रश आणि नखें काढण्याचें साधन. जखम झाल्यास ती झांकून ठेवावी. घरांतील प्रत्येकानें एकदां रक्त तपासून घ्यावें, आणि ज्यांस लागणही नाहीं व संरक्षणही नाहीं त्यांनीं लशीच्या मात्रा पुऱ्या कराव्या. एवढें केलें म्हणजे मुलीस बापाच्या मांडीवरून उतरविण्याचें कारण उरत नाहीं. सोंवळ्याओंवळ्याचे नियम आपल्या पुष्कळ घरांतून गेले. पण रोगाची भीति शिरली कीं तेच नियम मागील दारानें परत येतात, आणि या वेळीं ते स्वतःच्या मुलालाच पंक्तीबाहेर बसवितात.

तथापि सासूबाईंस दोष देण्यांत अर्थ नाहीं. 'कावीळ' या एका शब्दाखालीं आपण निरनिराळे रोग घालतों, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. पावसाळ्यांत दूषित पाण्यावाटें येणारी कावीळ निराळी. ती बहुधा ए किंवा ई जातीच्या विषाणूंची असते. तिच्या वेळीं पाणी, भांडीं व हात यांची काळजी घ्यावीच लागते, आणि ती बहुतेकांस कांहीं आठवड्यांत आपोआप बरी होते. गळ्यांत माळ घालून किंवा चुन्याच्या निवळीनें हात धुऊन कावीळ 'उतरविणारांस' जें यश येतें तें याच कारणानें. जें स्वभावतः बरें व्हावयाचें त्याचें श्रेय ते घेतात. हिपॅटायटिस बीची तऱ्हा निराळी आहे. धडधाकट प्रौढ माणसास लागण झाली तर शंभरांतील ९५ हून अधिक जण ती परतवून लावतात. तान्हेपणीं किंवा अगदीं लहानपणीं झाली तर शंभरांतील सुमारें ९५ मुलांच्या शरीरांत ती कायमचें ठाण मांडते. डोळे पिवळे होत नाहींत, पोट दुखत नाहीं, मूल वाढतें, शिकतें, नोकरीस लागतें. यकृत मात्र आंतल्या आंत झिजत असतें, आणि कित्येकांच्या बाबतींत वीस, तीस, चाळीस वर्षांनीं जलोदर, रक्ताची उलटी किंवा यकृताचा कर्करोग या रूपानें दुखणें एकाएकीं उघडें पडतें.

यावरून एक नाजूक गोष्ट निघते, ती स्पष्ट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. या गृहस्थांस लागण बहुधा लहानपणींच झाली असावी. म्हणून सासूबाईंनीं, तसेंच यजमानांच्या सख्ख्या भावंडांनींही आपलें रक्त तपासून घ्यावें. कदाचित् कांहीं निघणार नाहीं. पण निघालें तर तें वेळेवर कळलेलें बरें. ज्या काळीं लस नव्हती, तपासणी नव्हती आणि एकच सुई अनेकांस टोंचली जात असे त्या काळच्या आईस यांत कोणी बोल लावूं नये.

आतां औषधांकडे वळूं. प्रथम शत्रूची ओळख कशी पटली तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकन संशोधक बरूच ब्लुंबर्ग हे देशोदेशींच्या लोकांच्या रक्तांतील आनुवंशिक भेद तपासीत होते. ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासीच्या रक्तरसांत त्यांस एक अपरिचित प्रथिन आढळलें, व १९६५ सालीं त्यांनीं तें 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' या नांवानें प्रसिद्ध केलें. तें एका विषाणूचें बाहेरचें आवरण आहे हें पुढें उमगलें. १९७६ सालीं ब्लुंबर्ग यांस नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. त्याच आवरणापासून केलेली लस १९८१ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. १९८६ सालीं रक्ताऐवजीं यीस्टच्या पेशींत तयार केलेली लस आली. तैवाननें १९८४ सालीं नवजात बालकांस लस टोंचण्याची देशव्यापी योजना हातीं घेतली, आणि तेथें मुलांतील यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण खरोखरीच उतरलें. आपल्याकडे हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेनें १९९७ सालीं स्वदेशी लस बाजारांत आणली, तेव्हां तिची किंमत सामान्य माणसाच्या आवांक्यांत आली.

पण लस हें दार लावणें आहे. आंत शिरलेल्यास ती बाहेर काढूं शकत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत २५ कोटी ४० लक्ष लोकांच्या शरीरांत हा विषाणु कायमचा होता. त्यांपैकीं सुमारें ३ कोटी आपल्या देशांतले, आणि याहून मोठी संख्या फक्त चीनमध्यें होती. त्या एका वर्षांत या रोगानें ११ लक्ष माणसें दगावलीं. शंभर रोग्यांपैकीं केवळ १३ जणांस आपणांस रोग आहे हें ठाऊक होतें, आणि औषध मिळत होतें अवघ्या तिघांना. पत्रांतील गृहस्थ त्या तिघांपैकीं एक आहेत ही गोष्ट त्यांनीं विसरूं नये.

पहिलें औषध इंटरफेरॉन. शरीर विषाणूंशीं झुंजतांना जें द्रव्य आपण होऊन निर्माण करतें तेंच बाहेरून टोंचावयाचें, ही त्यांतील कल्पना. अमेरिकेंत तें या रोगासाठीं १९९२ सालीं मान्य झालें. ताप, अंगदुखी, उदासपणा असा त्याचा त्रास मोठा, आणि पूर्ण गुण शंभरांतील फार थोड्यांना. नंतर १९९८ सालीं लॅमिव्ह्युडिन ही गोळी आली. ती एड्सच्या विषाणूकरितां शोधलेली होती, पण यकृताच्या विषाणूवरही चालली. रोज एक गोळी, त्रास जवळजवळ नाहीं. डॉक्टरांस व रोग्यांस केवढा आनंद झाला असेल! परंतु विषाणु आपलें रूप थोडेंसें बदलून गोळीस दाद देईनासा झाला, आणि पांच वर्षांत शंभरांतील सुमारें सत्तर जणांच्या बाबतींत असें घडलें. मग २००२ सालीं अडेफोव्हिर, २००५ सालीं एंटेकॅव्हिर, २००८ सालीं टेनोफोव्हिर अशीं एकाहून एक समर्थ औषधें आलीं. यांपैकीं अडेफोव्हिर व टेनोफोव्हिर या रेणूंचें मूळ प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली व बेल्जियममधील एरिक द क्लर्क यांच्या दीर्घ सहकार्यांत आहे. पूर्वीं औषध न घेतलेल्या रोग्यांस एंटेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर दिलें तर विषाणु क्वचितच दाद देईनासा होतो. म्हणूनच आज प्रायः याच दोहोंपैकीं एक दिलें जातें.

या यादीवरून कोणाची अशी समजूत होईल कीं, एक औषध अपुरें पडलें म्हणजे दुसरें निघतें, आणि तें सुखानें पोटांत जातें. तसें समजूं नये म्हणून एक दुःखद प्रकरण येथें सांगतों. फियालुरिडिन नांवाचें औषध या विषाणूची वाढ फार जोरानें रोखतें असें थोड्या आठवड्यांच्या प्रयोगांत दिसलें होतें. अमेरिकेंत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत १९९३ सालीं तें १५ रोग्यांस सहा महिने देऊन पाहण्याचें ठरलें. हीं माणसें हिंडतींफिरतीं होतीं, मरणोन्मुख नव्हतीं. तेराव्या आठवड्याच्या सुमारास एका रोग्याची अवस्था अकस्मात् गंभीर झाली, आणि प्रयोग ताबडतोब थांबविण्यांत आला. पण औषध थांबलें तरी त्याचें काम थांबलें नाहीं. त्यानंतरच्या आठवड्यांत एकेकाचें यकृत निकामी होत गेलें. ७ जणांस घोर विकार झाला. त्यांपैकीं ५ जण मरण पावले व दोघांचे प्राण दुसऱ्याचें यकृत बसवून वांचविण्यांत आले. विषाणूच्या मजकुरांत शिरून त्याची वाढ खुंटविणारें तें औषध मानवी पेशींस शक्ति पुरविणाऱ्या सूक्ष्म केंद्रांच्या मजकुरांतही शिरत होतें. आधीं जनावरांवर केलेल्या प्रयोगांत हें कळून आलें नव्हतें. आज एखादें नवें औषध येण्यास दहा-दहा वर्षें कां लागतात असें आपण चिडून विचारतों तेव्हां या पंधरा माणसांची आठवण ठेवावी. आपल्या घरांतील गोळी निर्धास्तपणें घेतां येते तिच्यामागें त्यांचाही वांटा आहे.

आतां मुख्य प्रश्न. इतकीं समर्थ औषधें असतां रोग मुळासकट कां जात नाहीं? विषाणु यकृताच्या पेशींत शिरला म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर पेशीच्या केंद्रकांत जातो. हा मजकूर केवढा, तर सुमारें ३,२०० अक्षरांचा. मनुष्याचा स्वतःचा मजकूर सुमारें ३०० कोटी अक्षरांचा असतो. परंतु हा टीचभर कागद फार चिवट. केंद्रकांत पोंचल्यावर तो पेशीचींच दुरुस्तीचीं साधनें वापरून आपलें अपुरें वर्तुळ जोडून घेतो व एक पक्की बंद कडी बनतो. शास्त्रज्ञ तिला सीसीसी-डीएनए म्हणतात. आपण 'मूळ दस्तऐवज' म्हणूं. दप्तरखान्यांत दस्तऐवज सांभाळून ठेवावा आणि त्यावरून नकला उतरवून बाहेर पाठवाव्या, तसा हा कारभार चालतो. त्यांत एक उलटी रीत आहे. दस्तऐवजावरून आधीं आरएनए या स्वरूपाची नक्कल निघते, आणि त्या नकलेवरून पुन्हां डीएनएचा मजकूर लिहिला जातो. ही रीत जेसी समर्स व विल्यम मेसन यांनीं १९८२ सालीं बदकांतील अशाच एका विषाणूवर दाखवून दिली. आजच्या गोळ्या हें उलट लेखन करणाऱ्या कारकुनाचा हात धरून ठेवतात. नवे विषाणु बनत नाहींत, रक्तांतील मोजणी खालीं येते, यकृतास विसांवा मिळतो. पण दप्तरखान्यांतील दस्तऐवज जागच्या जागींच असतो. गोळी बंद झाली कीं कारकुनाचा हात मोकळा झाला.

दुसरी अडचण अशी कीं, विषाणूच्या मजकुराचे तुकडे माणसाच्या स्वतःच्या मजकुरांतही मधें मधें चिकटून बसतात, आणि तेथून आवरणाचें प्रथिन रक्तांत येतच राहतें. त्याचें प्रमाण इतकें अफाट असतें कीं, शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशी त्यास सरावून, थकून स्वस्थ बसतात. म्हणून औषधशास्त्रानें आपलें ध्येय थोडें अलीकडे आणलें आहे. औषध थांबविल्यावर २४ आठवडे उलटले, तरीही रक्तांत आवरणाचें प्रथिन नाहीं व विषाणूचा मजकूरही नाहीं, अशी स्थिति आली तर रोगी 'कार्यतः बरा' झाला असें मानतात. दस्तऐवज कोठें तरी कपाटाच्या तळाशीं असेलही. पण शरीर स्वतः त्याच्यावर पहारा ठेवूं लागतें. आजच्या गोळ्यांनीं अशी स्थिति शंभरांतील एखाद्यासच लाभते.

येथें आपल्या देशांतील एका वनस्पतीची हकीकत सांगणें अवश्य आहे, कारण जाहिरातींतील चूर्णास पाठिंबा म्हणून तिचेंच नांव बहुधा पुढें केलें जातें. ती वनस्पति म्हणजे भुईआवळी. पावसाळ्यांत अंगणांत उगवणारी ही लहानशी वनस्पति काविळीवर फार जुन्या काळापासून वापरली जाते. मद्रास येथील संशोधकांनीं तिची शास्त्रीय परीक्षा केली, आणि त्यांच्या सोबतीस खुद्द ब्लुंबर्ग होते. १९८८ सालीं 'लॅन्सेट' या मान्यवर वैद्यकीय पत्रांत त्यांचा निबंध आला: तीस दिवस भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकीं २२ जणांच्या रक्तांतून आवरणाचें प्रथिन नाहींसें झालें होतें, आणि पोकळ औषध घेतलेल्या २३ जणांपैकीं केवळ एकाच्या. केवढी ही आशा! सर्व जगाचें लक्ष त्या झुडपाकडे लागलें. परंतु त्यानंतर थायलंड, न्यूझीलंड आदि ठिकाणीं तसेच प्रयोग झाले तेव्हां तो गुण पुन्हां दिसला नाहीं. यांत आयुर्वेदाची मानहानि नाहीं. एका ठिकाणीं दिसलेला गुण दुसऱ्यानें, तिसऱ्यानें पडताळून पाहावा आणि तो न आढळला तर तसें सांगावें, याच कसोटीस परदेशी कारखान्यांचीं औषधेंही उतरावीं लागतात. लॅमिव्ह्युडिनची कीर्ति पांच वर्षांत याच कसोटीनें उतरली. ज्या चूर्णाच्या डबीवर द्रव्यांचीं नांवें नाहींत, कोणा किती रोग्यांस दिलें याचा हिशेब नाहीं, तें चूर्ण मात्र या कसोटीस कधीं उभेंच राहत नाहीं.

नवीन औषधांचा शोध सध्यां तीन-चार दिशांनीं चालला आहे. पहिली दिशा म्हणजे दारावरच अडविणें. विषाणु यकृताच्या पेशींत कोणत्या दारानें शिरतो हें कित्येक वर्षें कोडें होतें. २०१२ सालीं बीजिंग येथील वेनहुइ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें उलगडलें. पित्ताम्लें आंत घेण्यासाठीं पेशीनें ठेवलेलें जें प्रथिनाचें दार, त्याच दारानें हा चोर आंत येतो. तें दार अडविणारें बुलेव्हिर्टाइड नांवाचें औषध २०२० सालीं युरोपांत मान्य झालें. पण तें बीच्या आधारानें जगणाऱ्या डी नांवाच्या दुसऱ्या विषाणूच्या रोग्यांकरितां आहे.

दुसरी दिशा म्हणजे दस्तऐवजावरून निघालेल्या नकला फाडणें. विषाणूच्या मजकुराशीं नेमके जुळणारे लहानसे तुकडे प्रयोगशाळेंत तयार करून टोंचतात. ते आरएनएच्या नकलेस चिकटतात आणि पेशी ती नक्कल नष्ट करते. या मार्गावरही ठेंचा लागल्या. आरंभींच्या एका औषधानें कांहीं रोग्यांत प्रथिन झपाट्यानें उतरलें व कांहींत फारसें उतरलेंच नाहीं. कारण शोधतां असें कळलें कीं, या दुसऱ्या रोग्यांत प्रथिन मूळ दस्तऐवजावरून येत नसून माणसाच्या मजकुरांत चिकटलेल्या तुकड्यांवरून येत होतें, आणि औषध ज्या ओळीस चिकटावयाचें ती ओळच त्या तुकड्यांत नव्हती. तें औषध २०१६ सालीं सोडून द्यावें लागलें, कारण त्याच्या वाहक द्रव्याच्या मोठ्या मात्रेनें माकडें दगावलीं. पण त्याच्या अपयशानें विषाणूविषयीं जें शिकविलें तें पुढच्या औषधांच्या कामीं आलें.

त्या पुढच्यांपैकीं बेपिरोव्हिर्सेन याचा निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. ४५७ रोग्यांच्या त्या चाचणींत ज्यांस पूर्ण मात्रेचें इंजेक्शन दर आठवड्यास एक असें २४ आठवडे दिलें, त्यांपैकीं शंभरांतील नऊ-दहा जण 'कार्यतः बरे' या व्याख्येस उतरले. ज्यांच्या रक्तांत प्रथिन मुळांतच कमी होतें त्यांस गुण अधिक आला. २०२३ सालीं याच औषधाच्या मोठ्या, तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या अनेक देशांत सुरू करण्यांत आल्या. झाल्नेसिरान नांवाच्या दुसऱ्या एका औषधाचा निकाल २०२४ सालीं आला. तें एकटें दिलें तेव्हां यश थोडें. पण इंटरफेरॉनची जोड दिली तेव्हां उपचारानंतर २४ आठवड्यांनीं शंभरांतील २३ जणांच्या रक्तांत प्रथिन नव्हतें. ज्यांस फक्त नेहमीची गोळी दिली त्यांत असा एकही नव्हता. जुनें, त्रासदायक म्हणून मागें पडलेलें इंटरफेरॉन अशा रीतीनें पुन्हां कामास आलें. याखेरीज विषाणूच्या आंतल्या कवचाची जुळणी बिघडविणारीं, थकलेल्या रक्षक पेशींस जागें करणारीं, आणि दस्तऐवजासच कात्री लावूं पाहणारीं औषधेंही प्रयोगशाळांतून व रुग्णालयांतून तपासलीं जात आहेत. शेवटची कात्री सर्वांत मोहक आणि सर्वांत धोक्याची, कारण त्याच केंद्रकांत माणसाचा स्वतःचा मजकूर आहे.

शंभरांत दहा किंवा तेवीस या आंकड्यांनीं हुरळून जाऊं नये, आणि खट्टूही होऊं नये. जेथें एक होता तेथें दहा झाले. आणि ज्यांस गुण आला नाहीं त्यांच्या हातीं नेहमीची गोळी आहेच. तिची खरी योग्यता काय हें आतां सांगतों, कारण पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे. टेनोफोव्हिर पांच वर्षें नियमितपणें घेतलेल्या ३४८ रोग्यांच्या यकृताचे तुकडे आरंभीं व शेवटीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्यांत आले. तो अहवाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ९६ जणांचें यकृत आरंभीं पार निबर, गांठाळ झालेलें होतें. पांच वर्षांनीं त्यांतील ७१ जणांची ती अवस्था राहिली नव्हती. निबर झालेलें यकृत पुन्हां मऊ होत नाहीं असें वैद्यकाचें जुनें मत होतें. या साध्या गोळीनें तें खोटें पाडलें. ही गोळी दस्तऐवज जाळीत नाहीं हें खरें. पण ती घर वांचविते.

म्हणून भगिनीस आमचें सांगणें असें आहे. आपल्या यजमानांस "कांहीं होत नाहीं" तें गोळीमुळें होत नाहीं. ती मनानें एकाएकीं बंद केल्यास कित्येकांत कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत विषाणु उसळून येतो, आणि क्वचित् यकृत निकामी होऊन प्राणावरही बेततें. यकृत आधींच निबर होऊं लागलेल्या माणसानें हा जुगार खेळूं नये. हिपॅटायटिस बीची लागण झालेल्या प्रत्येकास गोळी लागतेच असें नाहीं, आणि निवडक रोग्यांत डॉक्टर ती देखरेखीखालीं थांबवितातही; पण तो निर्णय रक्ताच्या तपासण्यांवरून व्हावा लागतो, पंचांगावरून नव्हे. खर्चाची अडचण असेल तर केंद्र सरकारनें २०१८ सालीं सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तपासणी व औषध विनामूल्य देण्याची तरतूद आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करावी. दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी व रक्ततपासणी कधीं व कोणती करावयाची हें डॉक्टरांस विचारून तिच्या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्या. मद्य वर्ज्य करावें. नव्या औषधाच्या चाचणींत भाग घेण्याची संधि आली तर ती मान्यवर रुग्णालयांत, लेखी माहिती वाचून व समजून घेऊनच स्वीकारावी. जेथें रोग्याकडून पैसे मागतात व हमी देतात ती चाचणी नव्हे.

आणि आमच्या सर्वच तरुण वाचक भगिनींस एक सूचना. दिवस राहिल्यावर पहिल्या तपासणींतच या रोगाची रक्तपरीक्षा होते कीं नाहीं तें आवर्जून पाहावें. लागण निघाली तर भिऊं नये. बाळास जन्मल्यापासून २४ तासांच्या आंत लशीची पहिली मात्रा व त्याबरोबर प्रतिपिंडांचें इंजेक्शन दिलें, आणि विषाणूची संख्या फार असल्यास आईस शेवटचे तीन महिने गोळी दिली, तर बहुतेक सर्व बालकें सुटतात. अशा आईनें अंगावर पाजण्यासही हरकत नाहीं. समूळ नायनाटाचें औषध येईल तेव्हां येवो. पुढच्या पिढींत तें लागूंच नये असा उपाय आजच आपल्या हातीं आहे, आणि तो एका इंजेक्शनाइतका स्वस्त आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीनें हा लेख यजमानांस वाचावयास द्यावा, आणि सासूबाईंस मोठ्यानें वाचून दाखवावा. पाडव्याच्या दिवशीं गोळीची डबी जागच्या जागीं असावी, श्रीखंडाचें ताट सर्वांच्या ताटांसारखें असावें, आणि मुलगी कोणाच्या मांडीवर बसून जेवली तें आम्हांस अवश्य कळवावें.